जुन्या गाडीचे गळके पॅकिंग: आपले अनुभव

माझी कार्ब्युरेटरची जुनी पेट्रोल गाडी गेल्या पावसाळ्यात सिग्नलला उभी राहिली की बॉनेटमधून तेल जळल्याचा वास येऊ लागला. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाच्या) कडेने झिरपणारे ऑइल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ठिबकत होते. कॉर्कचे जुने पॅकिंग बिस्किटासारखे कडक झाले होते. नवे बसवताना गळती पुन्हा होऊ नये म्हणून मी नट अंगातला सारा जोर लावून आवळले आणि नेमके त्यामुळेच आठ दिवसांत गळती परत सुरू झाली, कारण फाजील आवळलेला कॉर्क बाहेर फुगून फाटतो आणि पत्र्याचे कव्हर नटांपाशी खोलगट होते. दुसऱ्या खेपेस एका वयस्कर मेस्त्रींनी कव्हरची कड ठोकून सरळ केली आणि चिकट्याने बुजलेली ब्रीदरची नळी साफ केली. इंजिनातल्या वायूला बाहेर पडायला वाट उरली नाही, तर तो सर्वांत कच्च्या सांध्यातून ऑइल ढकलतो, हे मला तेव्हा समजले. आपणही आपले अनुभव लिहावेत. केवळ खर्चाचे आकडे न देता गळतीचे मूळ कारण काय निघाले, तेही कृपया सांगावे.

सातारा
माझे प्रकरण हेड गॅस्केटचे, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या पॅकिंगचे आहे. पुण्याहून येताना खंबाटकी घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. रेडिएटरचा पंखा फिरत नव्हता, तरीही माथा जवळच आहे म्हणून मी गाडी दामटली. चूक सर्वस्वी माझी. त्यानंतर गाडीखाली एक थेंबही न दिसता रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले, सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येऊ लागला आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला. थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू केली, तेव्हा पाण्यात सतत बुडबुडे येत होते. हेड उतरवल्यावर मेस्त्रींनी त्यावर सरळ पट्टी उभी धरून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवले, मॅन्युअलमध्ये 0.05 मिमीची मर्यादा होती आणि आमच्या हेडला 0.12 मिमीचा बाक आला होता. फेसिंग न करता, म्हणजे हेड घासून सपाट न करता, नवे गॅस्केट घातले असते, तर ते फार दिवस टिकले नसते. हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असताना कडेकडून मध्याकडे सैल केले आणि बसवताना टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) मध्यापासून कडेकडे, तीन टप्प्यांत आवळले. त्याआधी ब्लॉकमधली बोल्टची भोके हवा मारून कोरडी केली, कारण तळाशी ऑइल किंवा पाणी साचले असेल तर टॉर्क खोटा लागतो आणि प्रसंगी ब्लॉकला तडाही जातो.

नागपूर
साताऱ्याच्या अनुभवाला एक पुरवणी जोडतो. दुधाळ फेस दिसला म्हणजे गॅस्केट गेलेच, असे नाही. डिसेंबरात माझी गाडी रोज जेमतेम 3 किलोमीटर चालायची. इंजिन पुरते तापत नसल्याने आतला दमटपणा झाकणाखाली साचत असे. पाणी मात्र कमी होत नव्हते. एकदा अमरावतीला जाऊन आलो आणि फेस नाहीसा झाला.

फोंडा
चेंबरचे (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याचे) पॅकिंग बदलताना आमच्याकडे सिलिकॉन सीलंट सढळ हाताने फासले गेले. बाहेरून सांधा देखणा दिसत होता, पण आत लोंबलेले तुकडे सुटून ऑइलच्या जाळीवर अडकले आणि महिन्याभरात डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा लुकलुकू लागला. चेंबर पुन्हा उतरवावे लागले.

श्टुटगार्ट
येथे दर दोन वर्षांनी होणाऱ्या तपासणीत टॅपेट कव्हरची गळती टिपली गेली आणि दुरुस्तीनंतर गाडी पुन्हा दाखवावी लागली. पॅकिंग स्वस्त होते, मजुरी नव्हे.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. साताऱ्याच्या सदस्यांना एक विचारायचे आहे: जुने गॅस्केट खरवडताना आपल्या मेस्त्रींनी पृष्ठभाग ओला केला होता का? जुन्या गॅस्केटांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून कोरडे घासणे किंवा हवेने उडवणे मी टाळतो. शिवाय अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर लोखंडी पात्याचा ओरखडा उठला, तर गळतीला तिथेच नवी वाट मिळते.

सातारा
होय, डिझेलने भिजवून लाकडी फाळक्याने काढले. त्यात अर्धा दिवस गेला.