धातुई चकाकीचे कोई मासे ओळखावेत कसे आणि निवडावेत कसे?

प्रश्न – तळ्याकाठी

नमस्कार. माझ्या तळ्यात सध्या कोहाकु (पांढऱ्यावर लाल नक्षी) आणि सांके (पांढऱ्यावर लाल-काळी नक्षी) या जातींचे काही कोई मासे आहेत. आता त्यांच्या जोडीला एक-दोन धातुई चकाकीचे मासे आणावेत, असा विचार आहे. विक्रेत्याकडे मात्र माझा गोंधळ उडतो. एका टबातील पिवळसर मासा ‘ओगोन’ म्हणून दाखवला जातो, शेजारच्या टबातील लखलखणारा पांढरा मासा ‘गिनरिन’ म्हणून दाखवला जातो, आणि वरून पाहताना दोन्ही मला सारखेच चमकदार वाटतात. खरी धातुई चकाकी नेमकी कुठे पाहावी? तसेच साधारण १५ ते २० सेंटिमीटर लांबीच्या पिल्लांतून निवड करताना चकाकी, शरीराची ठेवण आणि नक्षी यांपैकी कशाला अधिक महत्त्व द्यावे?

उत्तर १ – जुना छंदी

आपला गोंधळ स्वाभाविक आहे, पण तो एका नजरेत मिटवता येतो. माशाचे डोके पाहा. डोक्यावर खवले नसतात. गिनरिन माशाची चमक ही सुट्या खवल्यांची चमक असते, त्यामुळे ती मानेपाशी संपते आणि डोके साध्या कोईसारखेच, म्हणजे कोहाकुच्या पांढऱ्या भागासारखे बिनचकाकीचे राहते. धातुई माशाची चकाकी संपूर्ण त्वचेत असते. ती नाकाच्या टोकापासून सुरू होऊन डोक्यावरून पाठीवर उतरते आणि छातीच्या परांच्या कडांपर्यंत पोहोचते. साध्या वस्त्रावर टिकल्या लावणे आणि वस्त्रच जरीचे विणणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. त्वचेतील विशिष्ट पेशींत ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांवरून प्रकाश परावर्तित होतो आणि ही झळाळी दिसते. एकाच माशात हे दोन्ही गुण असू शकतात, परंतु ओगोनच्या, म्हणजे एकरंगी धातुई माशाच्या, मुळातल्या चकाकीत गिनरिनचे खवले फारसे उठून दिसत नाहीत.

आता जातींविषयी. एकरंगी धातुई माशांना हिकारी मुजी म्हणतात. पिवळा यामाबुकी ओगोन, रुपेरी पांढरा प्लॅटिनम ओगोन आणि नारिंगी ओरेंजी ओगोन हे त्यांतले नेहमी आढळणारे मासे होत. प्रत्येक खवल्याच्या मध्यभागी गडद छटा असलेले किन मात्सुबा आणि गिन मात्सुबा हेही याच गटात मोडतात. दोन किंवा अधिक रंगांची नक्षी असलेले हारिवाके, यामातोनिशिकी, कुजाकु यांसारखे मासे हिकारी मोयो गटात येतात, तर शोवा आणि उत्सुरी या काळ्या रंगावर नक्षी असलेल्या जातींची धातुई रूपे हिकारी उत्सुरी म्हणून ओळखली जातात.

या सर्वांच्या मुळाशी जपानच्या निइगाता भागातील डोंगराळ खेड्यांत झालेले काम आहे. तेथे सावाता आओकी यांना १९२१ साली पाठीवर सोनेरी छटा असलेला एक काळसर कार्प मिळाला. त्याच्या संततीतून अधिकाधिक सोनेरी पिल्ले निवडत गेल्यानंतर १९४६ च्या सुमारास पहिला ओगोन सिद्ध झाला. त्या जुन्या ओगोनमध्ये एक दोष होता, तो असा की पाणी तापले की त्याचा रंग काळवंडत असे. पुढे किगोई या बिनचकाकीच्या पिवळ्या कोईशी संकर करून यामाबुकी आणि प्लॅटिनम तयार झाले आणि हा दोष बराच मागे पडला. तरीही डोक्यावर धुरकट छटा असलेले पिल्लू आजही अधूनमधून दिसते, आणि ते मी तरी घेणार नाही.

उत्तर २ – निळा टब

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु निवडीच्या क्रमाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. चकाकी हा धातुई माशाच्या ओळखीचा निकष आहे, निवडीचा पहिला निकष मात्र शरीराची ठेवण हाच असावा. कोहाकुच्या पाठीवर सुरेख लाल नक्षी असेल तर किंचित वाकडेपणा किंवा आखूड शेपटीबुंधा नजरेआड होतो, पण ओगोनच्या अंगावर लपायला जागाच नसते. एक खवला निखळलेला असो, एका बाजूचा पर छोटा असो वा जबड्याची ठेवण बिघडलेली असो, सगळे लगेच नजरेत भरते. शिवाय ओगोन खादाड असतो आणि झपाट्याने वाढतो, त्यामुळे लहानपणीच पोट बाहेर आलेले पिल्लू मोठेपणी बेढब होण्याची शक्यता फार असते. वरून पाहताना खांद्यापासून शेपटीपर्यंत शरीर हळूहळू निमुळते होत गेले आहे का आणि शेपटीचा बुंधा भरदार आहे का, हे आधी तपासावे.

त्यानंतर छातीचे पर पाहावेत. ते रुंद आणि गोलसर असावेत आणि त्यांवरची चकाकी परांच्या काड्यांत तुटक न दिसता सलग दिसावी. मग खवल्यांकडे वळावे. खवल्यांभोवतीच्या त्वचेवर चकाकी उतरली की पाठीवर एक रेखीव जाळी दिसते, तिला फुकुरिन म्हणतात, आणि माझ्या मते उत्तम ओगोन व साधारण ओगोन यांना वेगळे करणारी गोष्ट हीच आहे. पिल्लांत ती पूर्ण उमललेली नसते, म्हणून खवल्यांच्या रांगा सरळ व समान आकाराच्या आहेत का आणि चकाकी पाठीवरून पोटाच्या बाजूला किती खाली उतरली आहे, यावरून अंदाज बांधावा लागतो. डोइत्सु माशांना खवले जवळजवळ नसतातच, त्यामुळे त्यांच्या बाबतीत फुकुरिन शोधू नये. त्यांच्या पाठीवरच्या मोजक्या मोठ्या खवल्यांची रांग सरळ आहे का, एवढे पाहावे.

तळ्याकाठी

दोघांचेही आभार. एक उपप्रश्न विचारतो. माझे मन प्लॅटिनम आणि कुजाकु या दोहोंत अडकले आहे. मी पाहिलेल्या एका प्लॅटिनमच्या डोक्यावर अगदी फिकट पिवळी छटा होती, आणि विक्रेत्याच्या मते ती पुढे आपोआप जाते. असे खरोखर होते का?

उत्तर ३ – स्थिर पाणी

ती छटा कशामुळे आहे, यावर ते अवलंबून आहे. स्पिरुलिना (एक प्रकारचे शेवाळ) किंवा अस्टॅझँथिन (लालसर रंगद्रव्य) असलेले रंगवर्धक खाद्य दिले असेल, तर पांढऱ्या त्वचेवर पिवळसर किंवा गुलाबी झाक येऊ शकते, आणि साधे खाद्य सुरू केल्यावर ती कालांतराने उतरू शकते. ती छटा जन्मजात असेल तर मात्र राहते. विक्रेत्याकडे दोन्हींत निश्चित फरक करणे अवघड असते, त्यामुळे त्याच टबातील इतर प्लॅटिनमकडे पाहावे. सर्वांवर सारखीच झाक असेल तर खाद्याचा संशय घ्यावा, आणि एकाच माशावर असेल तर तो मासा सोडून द्यावा. आपल्या तळ्यात कोहाकुसाठी रंगवर्धक खाद्य चालू असेल, तर हाच प्रश्न घरीही उद्भवेल, हे लक्षात ठेवावे. परांच्या कडांवर बारीक लाल शिरा दिसल्या, तर तो रंगाचा भाग नसून बहुधा ताणाचे किंवा आजाराचे लक्षण असते.

कुजाकु निवडताना नक्षी आधी पाहण्याचा मोह होतो, पण त्यातही डोकेच आधी पाहावे. ते काळ्या डागांपासून मुक्त आणि चकाकदार असावे. मग पाठीवरील मात्सुबाची गडद जाळी डावी-उजवी सारखी आहे का, हे पाहावे. त्याच्या नारिंगी रंगाची तुलना आपल्या कोहाकुच्या लाल रंगाशी करू नये, कारण धातुई त्वचेवर लाल रंग नारिंगीकडे झुकतो आणि काळाही किंचित राखाडी भासतो. यामातोनिशिकी किंवा किन शोवा (धातुई शोवा) घेताना हीच अपेक्षा ठेवावी, अन्यथा उत्तम मासाही फिका म्हणून नाकारला जाईल.

शेवटी पाहण्याच्या पद्धतीविषयी. मासा निळ्या टबात, उथळ पाण्यात घेऊन वरून पाहावा आणि तो स्थिरावेपर्यंत थांबावे. थेट उन्हात प्रत्येक ओगोन देखणा दिसतो, म्हणून तोच टब सावलीत हलवण्याची विनंती करावी. तेथे ज्या माशाचे डोके आणि पर अजूनही उजळ दिसतील, तेवढेच पुढच्या तपासणीसाठी ठेवावेत.

तळ्याकाठी

सावलीतील तपासणी मी केलीच नव्हती. माझ्या तळ्यात रंगवर्धक खाद्य चालू असल्याने तूर्त प्लॅटिनमचा विचार बाजूला ठेवतो आणि कुजाकुची पिल्ले टबात काढून दाखवण्यास सांगतो.