अनुभव धागा : सोलापुरातला तुमचा सर्वांत भरगच्च आठवडा

पुण्यात नऊ वर्षं काढली. सुट्टीहून परत गेले की ऑफिसातले विचारायचे, "सोलापुरात संध्याकाळी करता काय तुम्ही?" मला उत्तर देता यायचं नाही. दहावीनंतर मी स्वतःच इथली संध्याकाळ धड पाहिली नव्हती. दोन वर्षांपूर्वी कायमची परत आले आणि या जानेवारीत ठरवूनच टाकलं, सहाही दिवस घराबाहेर पडायचं.

सुरुवात १२ तारखेला सकाळी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी केली. मे १९३० मध्ये सोलापूर पेटलं, मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. हे शाळेत पाठ केलं होतं, पण हार घालायला रांगेत उभी राहिले ती पहिल्यांदाच. त्याच संध्याकाळी हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात गाणं होतं. राग पूरिया कल्याण. विलंबित, म्हणजे संथ लयीचा भाग, चालू असताना माझ्या शेजारचे आजोबा मांडीवर बोटं ठेवून मात्रा मोजत होते. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की त्यांची मान माझ्याआधी हलायची. तासाभरानं मी तबल्याकडे बघायचं सोडून त्यांच्या बोटांकडेच बघत राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला सम कळली. मध्यंतरात ते म्हणाले, "बाळ, उद्या यण्णीमज्जन आहे, ते चुकवू नको."

नाही चुकवलं. आमच्या ग्रामदैवताची, सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजेच गड्डा. १३ ला यण्णीमज्जन, म्हणजे नंदीध्वजांची (उंच मानाच्या काठ्यांची) मिरवणूक, १४ ला अक्षता, १५ ला होम, १६ ला शोभेचं दारूकाम, १७ ला कप्पडकळी, म्हणजे यात्रेची सांगता. त्यातच एक दुपार चित्रप्रदर्शनात गेली. दोन रात्री पार्क चौपाटीवर मैत्रिणींबरोबर पावभाजी खात उभ्या उभ्या बारा वाजवले.

आता तुमचा आठवडा लिहा. कुठं, कुणाबरोबर, किती वाजेपर्यंत ते सगळं लिहा. जानेवारीतलाच हवा असं नाही.

बाळीवेस, कापड दुकान

ताई, तुम्ही सहा दिवस लिहिलेत, आमचा आठवडा दीड महिन्याचा असतो. गड्ड्याच्या आधी रात्री काठीचा, म्हणजे नंदीध्वजाचा, सराव चालू होतो. दिवसा दुकान, रात्री जेवण उरकलं की गल्लीत. काठी एकट्यानं पेलायची असते, बाकीचे नुसते भोवती सावध उभे राहतात. सरावाला वजन बांधून हळूहळू वाढवत नेतात. यंदा माझा धाकटा भाऊ पहिल्यांदा उभा राहिला. पोरगं सारखं पायाकडं बघत होतं. आमचे एक अप्पा, वय सत्तरच्या पुढं, लांबून ओरडले, "काय करलालाव बे! खाली काय बघतो, शेंड्याकडं बघ!" त्यानं मान वर केली आणि पाय आपोआप बसले.

सात काठ्या, वेगवेगळ्या समाजांचा मान. तेराला हिरेहब्बू वाड्यातून निघून अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करत गावभर फिरायचं. आम्ही सगळे पांढऱ्या बाराबंदीत. रस्त्यावर पहाटेपासून पोरी रांगोळ्या घालत बसलेल्या असतात आणि आम्हाला त्यावरूनच चालावं लागतं. एका पोरीला मी म्हटलं, "माफ कर ताई, पुसली जाणार." ती म्हणाली, "त्यासाठीच काढली की."

चौदाला संमती कट्ट्यावर सिद्धरामांच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या, योगदंडाचं कुंभारकन्येशी लग्न लागतं. "सत्यं सत्यं, दिड्डम दिड्डम" सुरू झालं की एवढी गर्दी एकदम गप्प होते. मग अक्षता पडतात आणि "बोला एकदा भक्तलिंग हर्र!" भाऊ त्या वेळी माझ्या शेजारी होता, डोळे भरलेले. मी काही विचारलं नाही.

पंधराला रात्री नागफणा बांधलेली काठी बघा, मुद्दाम सांगतोय. बाहेरचे लोक अक्षता बघून निघून जातात आणि ही रात्र चुकते.

अशोक चौक, चित्रकला शिक्षिका

आम्ही सहा जणींनी एका शाळेचा हॉल तीन दिवस घेऊन प्रदर्शन भरवलं. प्रवेश फुकट. मुलांची चित्रं वेगळ्या भिंतीवर लावली होती. त्यातली निम्मी काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींची, कारण मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचे चित्रकार शशिकांत धोत्रे आमच्या मुलांना तोंडपाठ आहेत. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन त्यांना माझ्याकडून ऐकून माहीत, धोत्रे मात्र आपले वाटतात.

माझं एक मोठं तैलचित्र होतं : माझे आजोबा हातमागावर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मामा आले, टॉवेलच्या कारखान्यातून थेट, केसांवर सुताचा कोंडा. पाच मिनिटं त्या चित्रापुढून हलले नाहीत. मग मला म्हणाले, "मॅडम, फणी पुढं आहे." मला कळेना. त्यांनी हवेत दोन्ही हातांनी करून दाखवलं. आडवा धागा नेणारा धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून जाताना फणी मागं असते. तो पलीकडं पोचला की मग फणी पुढं ओढून तो आडवा धागा, बाणा, ठोकायचा. मी धोटा अर्ध्या वाटेवर आणि फणी कापडाला टेकलेली असं रंगवलं होतं. आजोबांचा माग वीस वर्षं पाहिलेली मी, आणि हे माझ्या नजरेतून सुटलं होतं.

त्या रात्री चित्र उतरवून घरी नेलं आणि दोन वाजेपर्यंत फणी मागं घेतली. तिसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन आले. ओला रंग बघून हसले, तिला तेलुगूत काहीतरी बराच वेळ समजावत राहिले. चित्रांना बक्षिसं मिळाली आहेत, पण असं कुणी माझं चित्र वाचलेलं नव्हतं.

एक विनंती : प्रदर्शनं पूर्व भागातही, विणकरांच्या वस्तीत, भरवा. तिथले लोक येतात, आणि थांबून बघतात.

जुळे सोलापूर, प्रकाशयोजना करणारा

माझा आठवडा राज्य नाट्य स्पर्धेचा. रोज नवा संघ, पण रंगमंच एकच, हुतात्माचा. सकाळी टेम्पो दारात, नेपथ्य उभं करायचं, दुपारी स्पॉट लावून घ्यायचे, संध्याकाळी तिसरी घंटा. पडदा पडला की लगेच सगळं उतरवायचं, कारण उद्याचा संघ सकाळीच येणार. पंधरा दिवस तालमीत जमवलेलं घर अर्ध्या तासात फळ्या होऊन टेम्पोत पडतं.

यंदा आमच्या नाटकात दुसऱ्या अंकात एक दिवा गेला. मुख्य काम करणारी बाई संवाद न तोडता दोन पावलं पुढं येऊन उजेडात उभी राहिली; प्रेक्षकांना ते दिग्दर्शन वाटलं. दिवसा ती एका पतपेढीत काम करते.

रात्री बारानंतर सगळे मिळून गाडीवर ऑम्लेट-पाव. तिथं शेजारी दुसऱ्या संघाची मुलंही असतात. स्पर्धा असते, तरी त्यांचा खिळ्यांचा डबा आम्ही वापरतो आणि आमची शिडी ते. तिकीट इतकं स्वस्त असतं की दर नाटकाला गेलात तरी खिसा हलका होत नाही. या बघायला. पुढच्या रांगा रिकाम्या दिसल्या की पोटात तुटतं.

विजापूर वेस

आमच्याकडं रमजानचा शेवटचा आठवडा. तरावीहची नमाज झाली की मीना बाजार. अम्मीबरोबर बांगड्या, शेवया, अत्तर. माझी जैन मैत्रीण दरवर्षी बांगड्या घ्यायला येते आणि भाव तीच करते. रात्री एकला रस्त्यावर बायका-मुली इतक्या बिनधास्त फिरताना मी इतर कुठल्याच दिवशी पाहत नाही.

होटगी रोड, परिचारिका

१६ ला माझी रात्रपाळी होती. दारूकाम सुरू झालं तसे नातेवाईक गॅलरीत जमले. एका आजींना चालता येत नव्हतं, आम्ही दोघींनी त्यांची खाट खिडकीला लावली. त्या दर आवाजाला हात जोडत होत्या.

नाव नको

एक तक्रार लिहू का? माझं बाळ तीन महिन्यांचं होतं. घरासमोर एका मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर रात्री उशिरापर्यंत चालू. खिडकीच्या काचा थरथरत होत्या, बाळ दचकून दचकून निळं पडायची वेळ आली. मी खाली जाऊन हात जोडले, कुणी ऐकलं नाही. त्याच रस्त्यावरून दुसऱ्या एका मंडळाचं लेझीम पथक गेलं, हलगीच्या तालावर शे-दीडशे मुलं-मुली. तो आवाजही मोठाच, पण बाळ झोपून राहिलं. मला उत्सव बंद नको आहे. लेझीम हवं आहे.

(धागाकर्तीकडून : हे लिहिलंत, बरं केलंत. मलाही हेच म्हणायचं होतं.)

तुळजापूर नाका, रिक्षाचालक

कोजागरी. सोलापूर ते तुळजापूर, पंचेचाळीस किलोमीटर, रात्रभर पायी. त्या रात्री रस्ता माणसांचाच. कर्नाटकातून चालत आलेले लोक मिळतात. त्यांची भाषा अर्धी कळते, "आई राजा उदो उदो" पूर्ण कळतं. जागोजागी चहा, खिचडी, दूध, पाय चोळून देणारी पोरं. तामलवाडीच्या पुढं माझे पाय बोलायला लागले. एका कन्नड अज्जीनं पिशवीतून खोबरेल काढून दिलं आणि स्वतः अनवाणी पुढं गेली. वर्षभर मी लोकांना बसवून नेतो, ती एक रात्र सगळ्यांबरोबर चालतो.

उत्तर कसबा, वय ६८

माझा आठवडा स्वयंपाकघरात गेला असं सून म्हणते, पण मला तसं वाटत नाही. कलबुर्गीहून बहीण, तिची मुलं, नातवंडं, एकूण चौदा माणसं. भोगीला तीळ लावून बाजरीची भाकरी, संक्रांतीला शेंगापोळ्या, एका दिवशी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. बहिणीची नातवंडं कन्नडच बोलतात, माझी मराठी. गड्ड्यातल्या आकाशपाळण्यात बसल्यावर दोघं एकाच भाषेत किंचाळत होती.

रात्री सगळे झोपले की आम्ही दोघी बहिणी गच्चीवर जायचो. होम मैदानावरचे दिवे दिसतात तिथून, मौत का कुआंचा आवाज येतो. लहानपणी वडील आम्हाला दोन्ही खांद्यांवर बसवून तिथं न्यायचे. ती म्हणते उजवा खांदा तिचा होता, मी म्हणते माझा. साठ वर्षं हे चाललंय.

कप्पडकळीच्या दुसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवलं. डब्यात उरलेल्या शेंगापोळ्या दिल्या. खिडकीतून म्हणाली, "गड्डा महिनाअखेरपर्यंत आहे ना गं?" मी हो म्हटलं. काल फोन आला. शनिवारी परत येतेय, एकटीच.