मदत हवी आहे: आजीला आलेल्या पोस्टकार्डांवरची सांकेतिक भाषा

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची. दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर सध्या रिकामं करतोय. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात आजीला आलेली नऊ पोस्टकार्डं सापडली. सगळी ग्वाल्हेरहून, तिच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आमच्या मावशीआजीने लिहिलेली. शिक्के तिथल्या लष्कर नावाच्या भागातल्या टपाल कचेरीचे, १९५७ आणि १९५८ सालचे. दोघीही आता नाहीत आणि ज्यांना विचारावं असं त्या पिढीतलं कोणी उरलेलं नाही.

प्रत्येक कार्डाची सुरुवात साध्या मराठीत आहे. 'श्री', मग 'चि. सौ.' आणि आशीर्वाद, मग तिकडची थंडी, मुलांचा खोकला, लोणच्याची चौकशी. अक्षर टपोरं, ओळी सरळ. पण तळाला दोन-तीन ओळी अशा येतात:

ङी गली आहे. कैसे कोटवे. खी घलवी. बाबावा चळू बेऊ मचो. पुढी पाई.

ओळी एकाच कार्डावरच्या आहेत आणि अक्षर न् अक्षर पडताळून टंकल्या आहेत. आधी वाटलं, ग्वाल्हेरात राहून हिंदी मिसळलं असेल. 'कैसे' आहे, 'गली' आहे. 'बाबा' म्हणजे पणजोबा असतील. पण त्यातून अर्थ काही लागत नाही. दुसऱ्या एका कार्डावर 'कलीक्षा ढावी' एवढंच आहे.

मी करून पाहिलेलं: शब्द उलटे वाचले. लहानपणची 'च'ची भाषा लावून पाहिली, पण त्यात शब्दागणिक च यायला हवा, तसा इथे नाही. प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतलं मागचं अक्षर घेतलं, तेही जमलं नाही. महानुभाव पंथाच्या पोथ्यांची सांकेतिक सकळ लिपी असेल का, असं एका परिचितांनी विचारलं. पण तिथे अक्षरांची चिन्हंच वेगळी असतात. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी किल्ली शोधेपर्यंत बाहेरच्यांना त्या पोथ्या वाचता येत नव्हत्या. इथे तर सरळ देवनागरी आहे.

पोस्टकार्ड उघडं असतं, पोस्टमनपासून ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाने वाचावं असं. आजीचं माहेर आणि सासर दोन्ही बडोद्यातच, त्यामुळे तिचे थोरले भाऊ रोज घरी येत आणि आलेलं टपाल मोठ्याने वाचून दाखवत, हे मी लहानपणी ऐकलंय. दोघी बहिणींना एकमेकींशी काय बोलायचं होतं, ते मला कळून घ्यायचंय. कृपया कुठून सुरुवात करू ते सांगा.

प्रतिसाद, पुण्याहून

ताई, आधी मोजणी करा. कुठलं अक्षर किती वेळा आलं ते मांडायचं आणि नेहमीच्या मराठीतल्या मोजणीशी ताडून पाहायचं. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने लिहून ठेवलेली ही रीत आहे, अजूनही उपयोगी पडते. मात्र मजकूर भरपूर लागतो. नऊ कार्डांचा मिळून पुरेल की नाही, शंका आहे.

दुसरी वाट म्हणजे आपलीच जुनी रीत. वात्स्यायनाच्या कामसूत्रातल्या ६४ कलांमध्ये 'म्लेच्छितविकल्प', म्हणजे सांकेतिक भाषेची कला आहे, आणि त्यावरच्या यशोधराच्या टीकेत मूलदेवीय नावाची पद्धत येते. त्यात अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या असतात आणि ती एकमेकांच्या जागी लिहायची: त आणि प, च आणि ट, न आणि म, ल आणि स, र आणि ष, य आणि श, ख आणि ग, असं. तुमच्या शेवटच्या शब्दाला ती लावली तर 'पाई'चं 'ताई' होतं! थोरल्या बहिणीची सही म्हणून अगदी शोभतं. पण 'मचो'चं 'नटो' होतं, म्हणजे पुढे अडतंय. तरी 'ताई' सोडू नका. पत्राच्या शेवटी काय असणार याचा अंदाज बांधता येतो, आणि तोच पहिला धागा असतो.

प्रतिसाद, इंदूरहून

मला वाटतं सुटलं. सावकाश सांगते, कारण हे तुम्हाला उरलेल्या कार्डांवर स्वतः करता यायला हवं.

माझं लक्ष ङ वर गेलं. मराठीत सुटा ङ जवळजवळ येतच नाही, आणि इथे तो दीर्घ ई घेऊन वाक्याच्या सुरुवातीला बसलाय. तो आपखुशीने आलेला नाही, नियमाने आलाय. ङ हे क वर्गातलं पाचवं अक्षर. आता 'ताई' बरोबर धरलं तर त च्या जागी प आहे, आणि दोन्ही आपापल्या वर्गातली पहिली. म्हणजे पहिल्याच्या जागी पहिलं, पाचव्याच्या जागी पाचवं.

शाळेत पाटीवर वर्णमाला कशी लिहायचो ते आठवा. क ख ग घ ङ, त्याखाली च छ ज झ ञ, मग ट ची ओळ, त ची, प ची. मावशीआजी प्रत्येक अक्षराच्या थेट खालचं अक्षर लिहीत होत्या. क चा च, च चा ट, ट चा त, त चा प. प च्या खाली काही नाही, म्हणून परत वर जाऊन क. तसाच म चा ङ. 'ङी' म्हणजे 'मी'!

सीझर अक्षरं तीन घरं पुढे सरकवायचा असं सांगतात. इथे सबंध ओळच सरकली आहे. तुम्ही वर्णमालेत एक अक्षर मागे जात होता, जायचं होतं वर. य र ल व मात्र आपसात एकेक पुढे: य चा र, र चा ल, ल चा व. स, ह, ळ जागेवर, म्हणून 'आहे' तुम्हाला वाचता आलं. काना-मात्रा आणि स्वर जसेच्या तसे. क्ष लाही हात लावलेला नाही.

उलट करत गेलं की येतं: मी बरी आहे. पैसे पोचले. फी भरली. दादाला कळू देऊ नको. तुझी ताई.

'बाबा' म्हणजे दादा आहेत. आणि 'कलीक्षा ढावी' म्हणजे परीक्षा झाली.

धागाकर्ती

हात थरथरतोय लिहिताना. तुम्हा दोघांचेही आभार कसे मानू?

त्याच डब्यात एक मनीऑर्डरची पावती होती, १५ रुपयांची, आजीच्या नावची. आम्ही ती कसलीतरी घरखर्चाची समजून बाजूला ठेवली होती. तारीख आता पाहिली. 'पैसे पोचले' लिहिलेल्या कार्डाच्या आठ दिवस आधीची आहे. आजीकडे स्वतःचे असे पैसे कधी नसत. ते १५ रुपये तिने कुठून जमवले असतील ते डोळ्यांसमोर येतंय. दादाआजोबांनी मावशीआजीची शाळा सातवीनंतर बंद केली आणि लग्न लावून दिलं, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. पुढे ती परीक्षेला बसली हे कुणालाच माहीत नाही. माझ्या वडिलांनाही नाही, आत्ताच त्यांना विचारलं.

शेवटच्या, १९५८च्या कार्डाच्या तळाला मात्र अक्षरं नाहीत. फक्त आकडे आहेत:

५५४ ५१२ ७३१ २४२ ६३७

यातही काही पाटीच आहे का?

प्रतिसाद, इंदूरहून

पाटीच आहे. याला अंकपल्लवी म्हणतात. हेच हातांच्या खुणांनी केलं की करपल्लवी: हाताच्या आकाराने वर्ग सांगायचा, बोटांनी त्यातलं कितवं अक्षर ते, आणि चुटक्यांनी मात्रा. माझी आजी देवळात कीर्तन चालू असताना मैत्रिणीशी अशीच बोलायची.

इथे पहिला आकडा वर्गाचा: क १, च २, ट ३, त ४, प ५, य-र-ल-व ६, श-ष-स-ह ७. दुसरा त्या वर्गातल्या अक्षराचा. तिसरा बाराखडीचा: अ १, आ २, इ ३, ई ४, उ ५, ऊ ६, ए ७. पहिलं मी करून देते. ५५४: प वर्ग, पाचवं अक्षर, चौथी मात्रा. मी.

पुढचं तुम्ही करा. ते तुमच्या हातून व्हायला हवं.

धागाकर्ती

५१२, पा. ७३१, स. २४२, झा. ६३७, ले.

बाबांना शेजारी बसवून एकेक आकडा मोजला. ते आता ते कार्ड हातात धरून बसलेत.