मदत हवी आहे : रूट कॅनालनंतरची ठणक हाताच्या फाइलींमुळे होते का?

नमस्कार मंडळी. मी वसमतजवळच्या एका गावात राहतो. माझ्या आईच्या (वय ५८) खालच्या उजव्या दाढेचे रूट कॅनाल दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या ठिकाणी झाले. डॉक्टरांनी हाताने चालवायच्या फाइली (मुळातली नलिका घासायची सुईसारखी बारीक हत्यारे) वापरून तीन सिटिंगमध्ये काम पूर्ण केले. पहिल्या सिटिंगच्या रात्री जी ठणक लागली ती चौथ्या दिवशी उतरली, आणि तोवर दुधात कुस्करलेल्या भाकरीशिवाय तिला काही खाता आले नाही. सूज किंवा ताप मात्र नव्हता.

आता डावी दाढ किडली आहे. गार पाणी लागले की कळ येते आणि बराच वेळ टिकते, पण रात्री अजून ठणकत नाही. नांदेडचे डॉक्टर मशीनच्या फाइलींनी एकाच सिटिंगमध्ये काम करू म्हणतात. खर्च जवळपास दीडपट आहे. पैशांचे पाहून घेता येईल, पण हळद काढणीला आली आहे आणि एकदा शिजवणी सुरू झाली की आई चार दिवस घरात पडून राहणार नाही. म्हणून हळद उरकल्यावरच जावे, असा तिचा आग्रह आहे. तंत्राने वेदनेत खरोखर फरक पडतो का? एकाच वेळी सगळे केले तर जास्त दुखते, असे शेजारच्या काकू सांगतात, तेही खरे आहे का?

प्रतिसाद (लातूर, दंतवैद्य) :
दाढ न पाहता निदान करणार नाही, पण प्रश्नाचे उत्तर देता येईल. नस काढून मुळातील नलिका घासताना जो चुरा निघतो, म्हणजे डेंटिनचा (दाताच्या आतल्या कठीण थराचा) भुगा, कुजलेल्या नसेचे तुकडे आणि जंतू, त्यातला थोडा मुळाच्या टोकातून पलीकडे ढकलला जातो. तिथे दाह होतो, आणि उपचारानंतरची ठणक बऱ्याचदा त्याचीच असते. हे पूर्णपणे टाळणारे तंत्र आजवर निघालेले नाही. फरक आहे तो प्रमाणाचा. हाताची फाइल वर-खाली ओढत घासली तर ती पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे चुरा खाली दाबते, तर फिरणारी निकेल-टायटॅनियमची फाइल, गिरमिट लाकडाचा भुसा वर काढते तसा, तो आपल्या आट्यांमधून वर आणते. शिवाय नलिकेचे तोंड आधी रुंद करून मग टोकाकडे उतरण्याची ‘क्राउन-डाउन’ पद्धत टोकापासून सुरुवात करणाऱ्या जुन्या ‘स्टेप-बॅक’ पद्धतीपेक्षा कमी चुरा ढकलते. त्यामुळे मशीननंतर पहिल्या एक-दोन दिवसांत दुखणे काहीसे कमी राहते. आठवडाभरानंतर हा फरक सहसा जाणवत नाही.

तरीही सगळा दोष हाताच्या फाइलींना देऊ नका. मशीनवाले डॉक्टरसुद्धा आधी टोकाला ०.१० किंवा ०.१५ मिलिमीटर जाडीची हातफाइल घालूनच वाट करून घेतात. फाइल मुळाच्या टोकाबाहेर गेली तर कोणतेही मशीन वेदना वाचवत नाही, म्हणून मुळाची लांबी एपेक्स लोकेटरने (मुळाचे टोक कुठे आहे ते दाखवणाऱ्या यंत्राने) मोजणार का, हे दरापेक्षा आधी विचारा. काकूंचे म्हणणे अर्धे खरे आहे : एका सिटिंगमध्ये केल्यास पहिल्या आठवड्यात दुखण्याची शक्यता थोडी जास्त असते, पण दाढ टिकण्याच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही.

एक विचारतो. पहिली दाढ उपचाराआधी किती दुखत होती?

धागाकर्ता :
फार. सोयाबीनची काढणी चालू असल्याने आईने लवंगेचे तेल आणि मेडिकलमधल्या गोळ्यांवर तीन आठवडे काढले होते. शेवटी तर रात्रभर बसून राहायची.

प्रतिसाद (लातूर, दंतवैद्य) :
मग तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे. उपचाराआधी जी दाढ जास्त ठणकते, तीच नंतरही जास्त दुखण्याची शक्यता असते, मग फाइल हाताची असो की मशीनची. डावी दाढ अजून त्या टप्प्यावर गेलेली नाही. हळद उरकेपर्यंत थांबलात तर ती जाईल, अशी भीती वाटते.

प्रतिसाद (परभणी) :
माझ्या बाबतीत दुखण्याचे कारण निराळेच निघाले. तात्पुरते भरलेले सिमेंट उंच राहिल्यामुळे प्रत्येक घासाला दाब त्याच दाढेवर येत होता. डॉक्टरांनी दोन मिनिटांत घासून दिले आणि दुसऱ्या दिवशी आराम पडला. खुर्चीवरून उठण्याआधी दात मिटून नीट तपासून घ्यायला आईंना सांगा.

धागाकर्ता :
धन्यवाद ताई, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. डॉक्टरसाहेब, आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे. मागच्या वेळी मेडिकलवाल्याने अँटिबायोटिक दिले होते, ते घरात ठेवावे का?

प्रतिसाद (लातूर, दंतवैद्य) :
नको. सूज किंवा ताप नसेल तर अँटिबायोटिकने ही वेदना कमी होत नाही. आयबुप्रोफेन या दुखण्यावर चांगले चालते, परंतु रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास किंवा पोटात जखम असेल तर ते परस्पर घेऊ नये. चालू गोळीची पट्टी नांदेडला सोबत न्या आणि पॅरासिटॅमॉलवर भागेल का, ते तिथेच विचारा. सूज आली, ताप आला किंवा गिळायला त्रास झाला तर वाट न पाहता त्याच दिवशी जा.

धागाकर्ता :
शिजवणीचे मजूर पुढच्या सोमवारी येणार आहेत. आईशी बोलून या गुरुवारची वेळ घेतली आहे. एपेक्स लोकेटरचे फोनवरच विचारले. तो आहे म्हणाले.