मॅरेथॉनच्या निमित्ताने निधी मागताना संकोच वाटतो

सावली_ठाणे
येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये मी ४२.१९५ किलोमीटरचे पूर्ण अंतर प्रथमच धावणार आहे. आईच्या अखेरच्या तीन महिन्यांत गंभीर आजारातील वेदना कमी करणाऱ्या एका उपशामक सेवा संस्थेच्या परिचारिका घरी येऊन तिची शुश्रूषा करीत असत. त्या संस्थेसाठी एक लाख रुपये जमवावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे, परंतु कोणापुढे पैशांचा विषय काढायचा म्हटले की शब्दच फुटत नाहीत. "धावणार तू, मग पैसे आम्ही का द्यायचे?" असे मावसभावाने विचारले, तेव्हा मी निरुत्तर झाले. आपण सुरुवात कशी केलीत?

पहाटपावले
सावलीताई, मीही आधी सगळ्या ग्रुपवर एकच आवाहन पाठवले होते. शुभेच्छा पुष्कळ आल्या, देणगी एकही आली नाही. मग रोज संध्याकाळी दोघा-तिघांना फोन करू लागलो आणि धावण्याविषयी न बोलता, ज्या मुलांच्या वसतिगृहासाठी निधी हवा होता त्याविषयीच बोललो. ज्यांनी देणगी दिली, त्यांची नावे मी छातीवरच्या क्रमांकपट्टीच्या मागच्या बाजूला बॉलपेनने लिहिली होती. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आला, पोटऱ्यांत गोळे आले आणि मला चालावे लागले, तेव्हा पट्टी उलटून ती नावे वाचली. घामाने निम्मी शाई फुटली होती, तरी इस्त्रीवाल्या काकांचे नाव स्पष्ट दिसत होते. मावसभावाला परिचारिकांविषयी सांगा. त्याच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

जमाखर्च
व्यवहाराची बाजूही आधीच नीट करून घ्यावी. देणगी स्वतःच्या खात्यावर कधीही घेऊ नये. ती थेट संस्थेच्या नावे जावी आणि पावती देणाऱ्याच्या नावे निघावी, त्यासाठी त्यांचा पॅन क्रमांक लागतो. संस्थेकडे आयकर सवलतीची नोंदणी असली, तरी ती वजावट जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच मिळते, आणि दोन हजार रुपयांहून अधिक रक्कम रोख दिल्यास मिळत नाही. या मॅरेथॉनच्या निधिसंकलनाचे काम युनायटेड वे मुंबई ही स्वयंसेवी संस्था पाहते, म्हणून आपली संस्था त्यांच्या यादीत आहे का, हे प्रथम तपासावे. प्रवेशशुल्क आपण स्वतः भरले आहे, हेही लोकांना आवर्जून सांगावे, कारण अनेकांच्या मनात नेमकी तीच शंका असते.

सावली_ठाणे
दोघांचेही मनःपूर्वक आभार. संस्था यादीत आहे. काल मावसभावाला फोन करून, परिचारिका आईचे केस कसे विंचरून देत असत, ते सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने पावती कोणत्या नावे निघेल, एवढेच विचारले.