सण न करता वाढले, आता मुलाचं काय?

प्रश्न: आमचं घर यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचं. दिवाळी, नाताळ, वाढदिवस काहीच नाही. वर्षातून एकदा येशूच्या मृत्यूचा स्मारकविधी, बस. मी त्यातून बाहेर पडले, तरी दिवाळीचं ताट कुणी पुढे केलं की अजून हात आखडतो. आता मुलाला रंगपंचमीला नाशिकच्या तांबट लेनच्या रहाडीत, म्हणजे जमिनीतल्या रंगाच्या हौदात, धप्पा (उडी) मारायचाय. आईला सांगू का?

उत्तर: सांगा. लपवून केलं तर पोराला ती चोरी वाटेल.

उत्तर: रहाडी पेशवेकाळापासूनच्या. उघडताना पूजा होते. ती नको असेल तर नंतर जा. रंग पक्का असतो, जुने कपडे घाला.

प्रश्नकर्ती: पूजेनंतरच जाऊ. आईवर राग नाही, तिनं मनापासून पाळलं. पण मुलाच्या वाढदिवसाला केक आणणारच. तो जन्मला याचा मला आनंद आहे, तो का दाबू? आईलाही बोलावेन.