शेलच्या टेस्ट: अख्खं आउटपुट जुळवायचं की एग्झिट कोड पुरे?

पाइपवेडा: स्वतःचा छोटा शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) लिहितोय, टेस्ट बॅश या शेलसारख्याच ठेवल्यात, म्हणजे स्क्रिप्ट चालवायची आणि आउटपुट सेव्ह केलेल्या फाइलशी डिफ करायचं, म्हणजे ओळीओळीने फरक बघायचा. वैताग आहे नुसता. दुसऱ्या मशीनवर लोकेल (भाषा-प्रदेशाचं सेटिंग) वेगळं निघालं की एररची भाषा बदलते, सॉर्टचा क्रम बदलतो आणि टेस्ट लाल, शेल मात्र ठणठणीत. एग्झिट कोड (कमांड संपताना परत देते तो आकडा, शून्य म्हणजे यशस्वी) तपासा, कमांड सापडली नाही तर १२७, कंट्रोल-सी मारलं तर १३०, विषय संपला.

खडूस_डीमन: अजिबात पटलं नाही. लोकेल नडतंय तर सुरुवातीला एलसी_ऑल=सी टाकून लोकेल एकच ठेवा की! कोडवर विसंबलात तर कोटिंगचे (अवतरणचिन्हं हाताळण्याचे) बग जन्मात सापडायचे नाहीत. "$@" (मिळालेली सगळी आर्ग्युमेंट) ची अवतरणं काढून बघा, 'अ ब' या एका आर्ग्युमेंटची दोन होतात आणि कोड तरीही शून्यच. आणि हो, एको या छापायच्या कमांडने तपासू नका, तो दोन्ही वेळा अ ब असंच छापतो, प्रत्येक आर्ग्युमेंटभोवती कंस घालून छापा मग दिसेल.

पाइपवेडा: कंसाचं मान्य. पण बॅशची ट्रॅपची (सिग्नल आला की काय करायचं ते ठरवणाऱ्या कमांडची) टेस्ट स्वतःच इशारा छापते की सिग्नलचे नंबर आणि शेड्युलिंग प्रत्येक युनिक्सवर वेगळं, नुसते ओळींचे नंबर वेगळे आले तर फेल धरू नका. मग डिफ माणसानेच वाचायचा तर ऑटोमेटेड कसलं?

पीटीवाय_प्रेमी: दोघंही स्क्रिप्टमध्येच अडकलात राव. खरी मारामारी इंटरॅक्टिव्ह भागात असते, कंट्रोल-झेडने काम थांबवणं, एफजीने ते परत पुढे आणणं, प्रॉम्प्ट, कम्प्लीशन. इनपुट पाइपमधून दिलं की शेल साधारणपणे इंटरॅक्टिव्ह होतच नाही, प्रॉम्प्टही येत नाही, त्यामुळे खोटं टर्मिनल (पीटीवाय) लागतंच. त्यासाठी फिश शेलवाले पीएक्सपेक्ट ही लायब्ररी वापरतात, झेडशेलकडे झेडपीटीवाय हे मॉड्यूल आहे. फक्त मध्ये स्लीप पेरू नका, प्रॉम्प्ट दिसेपर्यंत थांबा, नाहीतर मशीनवर लोड आला की टेस्ट उगाच पडतात.

रूट_नको: टेस्ट कंटेनरमध्ये रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चालवता का? परवानगी काढलेली फाइलही रूट खुशाल वाचतो, मग परमिशनच्या टेस्ट पडणारच, शेलला कशाला शिव्या.

पाइपवेडा: ठीक, एसटीडीआउट (नेहमीचं आउटपुट) अक्षरशः जुळवतो. एसटीडीएररमध्ये (एररच्या मेसेजची वेगळी वाट) काहीतरी आलं की नाही एवढंच बघणार, मेसेजचे शब्द नाही.

खडूस_डीमन: शब्द सोडा, पण सिंटॅक्स एररचा ओळ नंबर तरी तपासा. दोनशे ओळींच्या स्क्रिप्टमध्ये चुकीची ओळ दाखवणारा शेल मी तरी वापरणार नाही.